येणारा हप्ता, जाणारा हप्ता

मावशी जोत्यावर उभी आहे. पदर डोक्यावरून घेतलेला, दोन्ही हात पोटाशी जुळवलेले, आणि नजर कुठं ठेवावी ते तिला कळत नाहीये.

"मावशी, थोडं मागं सरा. घर आलं पायजे फोटोत," मोबाइल आडवा धरलेला अभियंता म्हणतो.

"घर कुठी हाय बापू अजून? जोतंच तं हाय."

"तेच आलं पायजे."

मावशी दोन पावलं मागं जाते. तिच्या पाठीशी चारही कोपऱ्यांतून कॉलमच्या सळया कमरेइतक्या वर आलेल्या आहेत. त्यांच्या बुडाशी ओलं बारदान गुंडाळलंय. अभियंता फोटो काढतो, पडद्याकडं बघतो आणि मान हलवतो. अक्षांश-रेखांश पकडले नाहीत. तो जोत्यावरून उतरतो, कडुनिंबाखाली जातो, हात उंच करून उभा राहतो, परत येतो. मावशी जागची हललेली नाही. हललो तर फोटो बाद होईल, असं तिला वाटत असावं.

आज मंगळवार, १३ मे २०२५. संग्रामपूर तालुक्यातलं, वरवट बकालच्या पलीकडचं हे गाव. सकाळी शेगावहून एसटीनं निघालो, खिरोड्याच्या पुलावरून पूर्णा ओलांडली आणि आठ वाजता इथं पोचलो. उत्तरेला सातपुडा असायला हवा, पण आज दिसत नाही. मे अर्धा व्हायच्या आत आभाळ भरून आलंय. एरवी या दिवसांत उन्हानं जीव नकोसा होतो. यंदा लोक उन्हाबद्दल बोलतच नाहीत, ढगांकडं बघतात. घर उघडं पडलेल्या माणसाला ढग कसे दिसतात, ते मला मावशीच्या अंगणात उभं राहिल्यावर कळतंय. जुनं घर पाडलंय. नवं जोत्यापर्यंत आलंय. मधल्या काळात चार माणसं अंगणाच्या कडेला बल्ल्या रोवून, वर पत्रे आणि ताडपत्री टाकून राहतात: मावशी, तिचा मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू.

"झालं," अभियंता म्हणतो. मावशी आता श्वास सोडते.

या फोटोला इथं सगळे 'जिओटॅग' म्हणतात. मावशीही म्हणते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराच्या प्रत्येक टप्प्याला तो व्हावा लागतो: आधी मोकळ्या जागेचा, मग जोत्याचा, मग पुढचे. फोटो अ‍ॅपमधून वर गेला, पंचायत समितीत तपासला गेला, की पैसे थेट बँकखात्यात येतात. मधे कुणाच्या हाताचा स्पर्श नाही, आणि ही गोष्ट चांगलीच आहे. जुन्या इंदिरा आवासच्या काळात लाभार्थ्याच्या हातात पूर्ण रक्कम पडल्याची किती उदाहरणं गावात सांगतील, ते गावालाच माहीत.

अभियंत्याला पाणी दिलं जातं. तो कंत्राटी आहे, गावं पुष्कळ आहेत, मोटरसायकलच्या टाकीवर धुळीचा थर आहे. शेजारच्या घरातली एक बाई तेवढ्यात येऊन विचारते, "साहेब, नव्या सर्व्हेत आमचं नाव यीन का?" आवास प्लसचं नवीन सर्वेक्षण चालू आहे. अभियंता तिला कागद सांगतो, घाई करत नाही, दोनदा सांगतो. मग गाडीला किक मारून निघून जातो.

मावशीचं नाव २०१८ च्या आवास प्लसच्या यादीत आलं होतं. गावाच्या भाषेत 'ड' यादी. तेव्हा नातू जन्मलाही नव्हता. २०२३ च्या जुलैत तालुक्यात पूर आला, त्यात मातीच्या घराची मागची भिंत बसली, आणि तरीही यादी हलली नाही. या वर्षी २२ फेब्रुवारीला पुण्यात बालेवाडीला मोठा कार्यक्रम झाला. राज्यातल्या २० लाख घरकुलांना मंजुरीपत्रं आणि १० लाख लाभार्थ्यांना पहिला हप्ता. त्यात मावशीचे १५,००० आले. सात वर्षांनी.

"सात वर्स झाले, पण आले नं," मावशी म्हणते. तिच्या आवाजात तक्रार नाही. मला मात्र ती सात वर्षं सोडवत नाहीत. भिंत बसली त्या रात्री हे घर उभं असतं, तर माझी मावशी दोन पावसाळे शाळेच्या वर्गात आणि भावकीच्या ओसरीवर काढत नसती.

पत्र्याखाली आम्ही बसतो. सून चहा ठेवते. मी पिशवीतून वही काढतो. एका पतसंस्थेच्या कर्जविभागात मी २२ वर्षं काढली आहेत, माणसाच्या अडचणीत शिरायची मला हीच एक वाट येते. मावशी लोखंडी पेटीतून कॅरीबॅग काढते. त्यात मंजुरीपत्र, जॉबकार्ड, बँकेचं पासबुक, हार्डवेअरच्या दुकानाची पावती आणि एक पिवळट कार्ड आहे.

आधी येणारे पैसे लिहितो. घरकुलाचे १,२०,०००. त्यातले १५,००० आले. जोत्याच्या या फोटोनंतर ७०,०००. उरलेले ३५,००० पुढं दोन तुकड्यांत. एप्रिलमध्ये राज्य सरकारनं वर ५०,००० वाढवले, त्यातले ३५,००० बांधकामाला आणि १५,००० छतावर सौर पॅनल बसवलं तरच. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, यंदाच्या ३१२ रुपये दरानं २८,०८०. शौचालयाचे १२,०००. बेरीज २,१०,०८०.

"दोन लाखावर!" सून म्हणते. तिनं ही बेरीज आधी कधी एका कागदावर पाहिलेली नाही. मलाही ती रक्कम थोडी वाटत नाही. सरकारनं गरिबाच्या घरासाठी इतकं करावं आणि ते खात्यात पोचावं, हे माझ्या आईच्या पिढीला खरं वाटलं नसतं.

मग खालच्या बाजूला लागलेले पैसे लिहितो. जोतं साडेसतरा फूट बाय सोळा, म्हणजे २८० चौरस फूट. योजनेला किमान २५ चौरस मीटर लागतात, २६९ फुटांच्या आसपास. ही काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, इथं पाया खोल नेल्याशिवाय भिंत तडकल्यावाचून राहत नाही. जेसीबी, मुरमाची भरती, गिट्टी, लोहा, सिमेंट, मिस्त्री. घरकुलाला पाच ब्रास रेती फुकट आहे. पास मिळालाय, रेती यायची आहे, आणि आली तरी ट्रॅक्टरचं भाडं आपलं. म्हणून जोत्यापुरती रेती विकत घेतली. एकूण ६४,०००.

हातात होते १५,०००. वही माझ्या मांडीवर उघडी आहे आणि सगळी गोष्ट या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. मदत घर बांधायला मिळते, पण बांधून दाखवल्यावर मिळते. जोतं घाला, मग जोत्याचे पैसे. भिंती उभ्या करा, मग त्यांचे. ज्याच्याकडं आधी घालायला पैसे असतात, तो घरकुलाच्या यादीत नसतो. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर गरिबानं आधी कर्ज काढायचं आणि सरकार ते मागाहून फेडेल या भरवशावर राहायचं. टप्प्याटप्प्यानं पैसे देण्यामागचं कारण मला माहीत आहे. एकरकमी दिलेला पैसा लग्नात, दवाखान्यात जातो, घर उभं राहत नाही. मीही कर्जं अशीच टप्प्यानं वाटली आहेत. पण पहिल्या टप्प्याला १५,००० हे त्या कारणानं पटत नाही. काळ्या मातीत १५,००० मध्ये खड्डा होतो, जोतं होत नाही.

"मग बाकीचे कुठून आणले?" मी विचारतो. उत्तर मला पिवळट कार्डावर दिसतंय.

"गटातून," मावशी म्हणते, आणि भिंतीवरच्या घड्याळाची सवय असल्यासारखी जिथं भिंत नाही तिथं बघते. "अकराले हप्ता हाय आज. तू चाल संगं."

तिच्या तोंडी दोन्ही हप्तेच आहेत. सरकारकडून येतो तोही हप्ता, गटाला कर्ज देणाऱ्या कंपनीला जातो तोही हप्ता. कोणता म्हणते ते तिच्या आवाजावरून ओळखायचं.

अकरा वाजता, चार घरं सोडून, एका ओसरीवर बाया बसल्या आहेत. दहा आहेत, दोन यायच्या आहेत. समोर सतरंजीवर पंचविशीचा एक मुलगा, पाठीला लावायची बॅग पुढ्यात, हातात टॅब. परजिल्ह्यातला आहे. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. त्याच्या कंपनीचं नाव लिहायची गरज नाही, या तालुक्यात अशा कंपन्या बऱ्याच फिरतात. बाया एकेक करून नोटा देतात, तो मोजतो, कार्डावर सही करतो. मावशीचं कर्ज ४०,०००. प्रक्रिया शुल्क आणि विमा कापून हातात ३८,९०० पडले. दर पंधरवड्याला ९८०, असे ५२ हप्ते. मी मनात गुणतो, ५०,९६० होतात. मावशी ९८० रुपये देते. त्यात पाचशेची एक नोट आहे, बाकी शंभर, पन्नास आणि वीस. तिनं आणि सुनेनं कुणाच्या वावरात नांगरणीआधी पऱ्हाटीच्या पळाट्या वेचल्या त्याचे ते पैसे आहेत. सकाळी ती मला सांगत होती.

उशिरा आलेली एक बाई येऊन खांबाला टेकते. बसत नाही. तिच्याकडं पैसे नाहीत.

ओसरीवर कुणी काही बोलत नाही. गटाचं कर्ज म्हणजे एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, ही रीत सगळ्यांना पाठ आहे. मुलगा टॅबवर बोट ठेवून थांबलाय. तो ओरडत नाही, एवढं मी पाहतो. "ताई, मला पण वर उत्तर द्यावं लागतंय," एवढंच म्हणतो, आणि तेही खरंच असणार. मग एक म्हातारी कनवटीला हात घालते. दुसरी शंभर काढते. त्या बाईची मान खाली जाते आणि पुन्हा वर येत नाही.

मी तिच्याजवळ जाऊन बसतो. मावशी म्हणते, "माह्या बहिणीचा पोरगा हाय, ब्यांकेतला." तेवढ्यानं ती बोलते. घर बांधायला घेतलं, स्लॅबच्या वेळी कमी पडले, एका गटातून काढले. त्याचे हप्ते भरायला दुसऱ्यातून. दोन्हीचे भरायला तिसऱ्यातून. ती बोटांवर मोजते आणि तिसऱ्या बोटावर थांबते. मी तिन्ही कर्जांचे हप्ते महिन्यावर आणून जोडतो, ६,४०० होतात. घरात नवरा-बायकोची मजुरी मिळून सरासरी नऊ-साडेनऊ हजार.

रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम असा आहे की, अशा कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कर्ज देण्याआधी ते बघायची जबाबदारी देणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नाही. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर जायचं नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड घ्यायचा नाही. कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. हे सगळं मी त्या ओसरीवर मोठ्यानं सांगतो, तिच्यासाठी आणि बाकीच्यांसाठीही. मुलगा ऐकतो. "सर, माहीत आहे," तो म्हणतो. "पण आम्ही दिलं तेव्हा यांचं एकच होतं." मी त्याच्या बॅगेतला कोरा कागद मागून घेतो आणि तिच्या नावानं अर्ज लिहितो: तिन्ही कर्जांची माहिती, उत्पन्न, आणि हप्ता लहान करून मुदत वाढवून देण्याची विनंती. तिचा अंगठा, तारीख, त्याची पोच. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं, तिथंही एक महिन्यात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. १४४४८ हा त्यांचा क्रमांक मी तिच्या कार्डाच्या मागं लिहून देतो. ती कागदाकडं बघते, माझ्याकडं बघते. "यानं ते येनं बंद करतीन का?" ती विचारते. मी हो म्हणत नाही. लेखी मागितल्याशिवाय कुणी हप्ता लहान करत नाही, आणि थकल्यावर मागितलेल्यापेक्षा थकायच्या आधी मागितलेलं लवकर मिळतं, एवढं मी तिला सांगतो.

हे मला फार उशिरा कळलं. मी ज्या संस्थेत होतो तिथं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन घरोघर जाणाऱ्यांत मीही होतो. एका घराच्या चौकटीवर हळदीकुंकवाची बोटं होती, नुकतीच घरभरणी झालेली. तिथं नोटीस डकवायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी ती त्या बोटांवर डकवली. आतून एक मुलगी बघत होती. तो माणूस चार महिने आधी आमच्या कार्यालयात येऊन बाकावर बसून गेला होता, हे मला नंतर कळलं. हप्ता जमणार नाही हे सांगायला तो आला होता, आणि त्याला कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्या दिवशी मी विचारलं असतं तर मुदत वाढवता आली असती, एकरकमी तडजोडीत व्याज सोडता आलं असतं. नियमात दोन्ही होतं.

दुपारी जेवण. कळण्याची भाकरी, ठेचा, बेसन. नातू माझ्या मांडीवर बसून वहीत घर काढतो. त्याच्या घराला छत आहे.

आबा येतात. मावशीच्या चुलतसासऱ्यांचे चिरंजीव, सत्तरीचे. ते खाटेच्या कडेला टेकतात आणि जोत्याकडं बघत म्हणतात, "काहून घराची घाई केली? पानी येऊन रायलं."

"घाई आमी नाई केली आबा, सरकारनं वेळ लावला," सून म्हणते. आबा हसतात.

आबांनी गहाण या शब्दाची किंमत मोजली आहे. मुलीच्या लग्नाला त्यांनी एका बिगरपरवाना सावकाराकडून पैसे घेतले, आणि त्यानं कर्जाचा कागद न करता दोन एकरांचं सरळ खरेदीखत करून घेतलं. तोंडी ठरलं, की पैसे दिले की वावर परत. याला इकडं मुदत खरेदी म्हणतात. कागदावर मुदतही नसते आणि गहाणही नसतं, विक्री असते. आबा पैसे घेऊन गेले तेव्हा सावकारानं वावराची दुप्पट किंमत मागितली.

"मंग?" मी विचारतो, गोष्ट मला माहीत असूनही. आबांना ती सांगायला आवडते.

"मंग कायदा आला नं चौदा सालचा."

महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४. अवैध सावकारीतून झालेलं खरेदीखत चौकशीत सिद्ध झालं, तर जिल्हा उपनिबंधक ते रद्द ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश देऊ शकतात. आबांनी अर्ज केला, तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं फेऱ्या घातल्या, तीन वर्षं लागली. वावर परत आलं. "त्या दिसी मी वावरात जाऊन निजलो," आबा म्हणतात. "नुसता निजलो. काम नाई केलं."

काल १२ मे होता, हे मला तेव्हा आठवतं. बरोबर दीडशे वर्षांपूर्वी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांतून गहाणखतं आणि कर्जरोखे बाहेर ओढून जाळले होते. लोक माणसांना मारायला धावले नव्हते, कागदाला धावले होते. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता होता, आमचा वऱ्हाड त्यात नव्हता. आबांना मी हे सांगतो. ते थोडा वेळ गप्प बसतात आणि म्हणतात, "जायाले नाई पायजे होते. कागद असले तं साक्ष राह्यते."

मावशीकडं घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. कर आकारणीचा तो पुरावा आहे, मालकीचा नाही. योजनेत इच्छुक लाभार्थ्याला ७०,००० पर्यंत बँककर्जाची सोय सांगितली आहे, पण अशा कागदावर बँक हात पुढं करत नाही, आणि म्हणूनच मावशी त्या ओसरीवर जाऊन बसली. ड्रोननं गावठाण मोजून मालमत्ता पत्रकं द्यायची स्वामित्व योजना २०२० पासून सुरू आहे. यंदा १८ जानेवारीला देशभरात ६५ लाखांवर पत्रकं एका दिवशी वाटली गेली. मावशीला पत्रक मिळालं तर बँकेचं कमी व्याजाचं कर्ज मिळू शकेल. आणि घर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं गहाणही पडू शकेल. मी ही दुसरी गोष्ट तिला सांगावी की नाही, यावर थांबतो. मग सांगतो. लपवलेली अट हीच माणसाला बुडवते.

"माह्या जित्तेपनी नाई ठेवू देनार," ती म्हणते. मुलाकडं बघून म्हणते.

साडेतीनला मी आणि तिचा मुलगा वरवट बकालला हार्डवेअरच्या दुकानात जातो. पुढच्या टप्प्याला सिमेंट हवं. जुनी उधारी ९,००० आहे आणि मला वाटतं दुकानदार नाही म्हणेल. तो गल्ल्यावरून मान वर न करता विचारतो, "जिओटॅग झाला का?"

"झाला, सकायी."

"मंग घेऊन जा."

वीस थैल्या, ७,२००, वहीत नोंद, वर एक सही. सकाळचा तो फोटो, अजून पंचायत समितीत तपासलाही गेला नसेल, इथं त्यावर माल मिळतो. कर्जविभागात मी तारणाचे किती प्रकार पाहिले, सोनं, वावर, ट्रॅक्टर, पगारपत्रक. जोत्यावर उभ्या असलेल्या बाईचा फोटो हे तारण मी आज पाहतो. दुकानदार चांगला माणूस आहे. ७०,००० यायला महिना लागला तरी तो व्याज लावत नाही, थैलीमागं दहा-पंधरा रुपये जास्त लावतो, एवढंच. या उधारीवर तालुक्यातली किती घरकुलं उभी आहेत ते त्याच्या वहीत दिसेल.

परतताना मुलगा टेम्पोत थैल्यांवर बसलाय. तो मला म्हणतो, "दादा, आपलं घर संग्रामपुरात असतं तं अडीच लाख भेटले असते." ते खरं आहे. संग्रामपूरला नगरपंचायत आहे, तिथं शहरी योजना लागू आहे. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक. इकडं काही किलोमीटरवर गावाची योजना. सिमेंट दोन्हीकडं याच दुकानातून जातं. आता राज्यानं वरचे ५०,००० दिल्यापासून हे अंतर कमी झालंय, आणि ते देणाऱ्याचे आभार मानायला हवेत. पण मिस्त्री दोन्हीकडं सारखीच मजुरी घेतो.

पाच वाजता थैल्या अंगणात उतरतात. मावशी जोत्याला पाणी मारतेय. विहीर जवळ आहे, पण ते पाणी ती घेत नाही. हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यानं जीभ चरचरते, आणि माणसांची मूत्रपिंडं खराब होतात हे आता लेकरालाही ठाऊक आहे. मिस्त्रीनं सांगितलंय, खारं पाणी लावू नका, आतला लोहा सडेल. म्हणून वान धरणाच्या नळाचं, पिण्याचं पाणी ती भरून ठेवते आणि तांब्या-तांब्यानं कॉलमच्या बुडाशी ओतते. बारदान काळं होतं. सून म्हणते, आज नळ आला नव्हता, हे कालचं आहे.

"अन् प्यायले?" मी विचारतो.

"हाय एक गुंडभर."

सहाच्या सुमाराला वारा सुटतो. आधी धूळ येते, मग कुणाच्या तरी पत्र्याचा आवाज. सातपुड्याच्या बाजूनं आभाळ काळंनिळं झालंय. आबा त्यांच्या ओसरीवरून ओरडतात, "थैल्या उचला!"

पहिले थेंब मोठे आणि अंतराअंतरानं पडतात, धुळीत खळगे पाडत. मुलगा एक थैली खांद्यावर घेऊन पत्र्याखाली धावतो. मी दुसरी उचलतो. पन्नास किलो, माझ्या वयाला जड आहे, तरी उचलतो. सून नातवाला आबांकडं सोडून येते आणि दुसऱ्या टोकाला हात लावते. पत्र्याखाली जमीन ओली व्हायला लागली आहे, तिथं थैल्या ठेवता येत नाहीत. मावशी खाटेवरची गोधडी, उशी, नातवाची वही उचलून लोखंडी पेटीवर टाकते आणि म्हणते, "खाटीवर ठेवा."

खाटेवर आठ थैल्या बसतात. चार जुन्या पाटावर, तीन विटांच्या थरावर. बाकीच्या पेटीच्या आडोशाला, एकीवर एक. मावशी वरची ओली ताडपत्री झटकून त्यांच्यावर ओढते, चारी बाजूंनी खोचते, हातानं चाचपून बघते. आता पत्र्याखाली माणसाला उभं राहायला जागा नाही. सून आणि मुलगा आबांच्या ओसरीकडं धावतात.

"मावशी, चल," मी म्हणतो.

ती पत्र्याच्या कडेला पावसातच उभी आहे, एक हात ताडपत्रीवर ठेवून. वाऱ्यानं ती उडू नये म्हणून. पाणी तिच्या पदरावरून, कोपरावरून गळतंय. पलीकडं जोतं धुऊन निघतंय, गोड्या पाण्यानं, आणि सळयांना बांधलेलं बारदान चिंब झालंय.

"किती भिजल्या?" ती विचारते.

"एक. खालची."

"थे उद्या सकायी पयले वापरू," ती म्हणते. "तू जाय, बापू. मले काई होत नाई पान्यानं."